चार गायींचा गोठा, ३६ लिटर दूध, तरी हातात काही राहत नाही: गळती नेमकी कुठे?

निरगुडी

आमच्या भागातला सरासरी गोठा डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न विचारतोय. चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी. तीन दुधात, एक आटलेली. दोन वेळचं मिळून ३६ लिटर. दोन एकर बागायत, त्यातली वीस गुंठे वैरणीला. घरातलीच दोन माणसं, गडी नाही.

दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग). फॅट ३.४ ते ३.६ लागतं, त्याची तक्रार नाही. एसएनएफ मात्र ८.२ च्या वर सरकत नाही. खालच्या प्रत्येक पॉइंटला (०.१ ला) रुपया कापतात असं धरलं तर लिटरमागे ३ रुपये, दिवसाला १०८, महिन्याला सव्वातीन हजार गेले. त्यात पेंड महाग, गाय उलटते (भरवूनही गाभण राहत नाही), उन्हाळ्यात वैरण विकत.

नवीन कर्ज न काढता सगळ्यात आधी काय दुरुस्त करावं? "देशी गाय पाळा" असं कृपया कोणी लिहू नये, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथे मारामारी चालू आहे.

कॅनवाला

पहिली गोष्ट गायीकडे न बघता कॅनकडे बघा. कॅन आणि बादली धुऊन पालथी घातली नाही की तळाला पाणी राहतं. २० लिटरच्या कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी राहिलं तर ८.५ चं ८.३ होतं. गणित सरळ आहे: ८.५ गुणिले २० भागिले २०.५. फॅटही त्याच प्रमाणात उतरतं, पण ३.६ चं ३.५ झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे दर कापला जात नाही.

दुसरं, डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरवर (दुधाचा दाटपणा मोजणारी काचेची तरंगती नळी) दिसणारा आकडा. लॅक्टोमीटर २७ अंश तापमानाला बेतलेला असतो. धार काढून लगेच आणलेलं दूध ३३-३४ अंशांचं असतं. तिथे वरच्या प्रत्येक अंशाला ०.२ मिळवायचे असतात, म्हणजे जवळजवळ सव्वा डिग्री. ही बेरीज न करता आकडा लिहिला तर एसएनएफ ०.३ ने कमी येतो. ताज्या दुधात हवेचे बुडबुडेही असतात, त्यामुळे काटा आणखी खाली बसतो. दूध अर्धा तास ठेवून, न फेसाळता ढवळून मोजलं की फरक दिसतो.

तिसरं, सूत्र. दोन सूत्रं वापरात आहेत. एकात डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६. दुसऱ्यात डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४. डिग्री २९ आणि फॅट ३.५ धरा. पहिल्याने ८.३५ येतं, दुसऱ्याने ८.५७. तेच दूध एका केंद्रावर कापलं जातं आणि दुसऱ्यावर पास होतं. आपल्याकडे कोणतं लावतात ते विचारा. विचारण्याने कोणी दूध परत पाठवत नाही.

बुवा_७२

विचारण्याने दूध परत पाठवत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी "आज तुमच्या दुधाला वास येतोय" असं म्हणतात. 😄

कॅनवाला

बुवा, तेही होतं, नाकारत नाही. म्हणून एकट्याने नको, पाच-सहा जणांनी मिळून विचारा. आणि ज्या केंद्रात फॅट-एसएनएफ मोजायचं मशीन आहे तिथे लॅक्टोमीटरचा प्रश्न नाही, पण मशीनचे वेगळे नखरे आहेत. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये गाय आणि म्हैस असे वेगळे चॅनेल असतात. आधीची म्हैस झाली आणि चॅनेल बदललं नाही की तुमचा आकडा बिघडला. रोजची धुलाई नीट नसेल तर आत दुधाचा थर बसतो. आपलं दूध मशीनला लागण्याआधी मधे पाणी फिरवलं का, एवढं बघत जा.

डॉ. खुरपे *(पशुवैद्यक)*

कॅनवाल्यांचं बरोबर आहे, पण मोजमाप नीट करूनही बहुतेक गोठ्यांत ८.३ च्या आसपासच अडकतं. ते का, ते सांगतो.

एसएनएफ म्हणजे मुख्यतः लॅक्टोज (दुधातली साखर), प्रथिनं आणि खनिजं. लॅक्टोज जवळजवळ स्थिर असतं, सडांना सूज असेल तेव्हाच घसरतं. हलवता येतं ते प्रथिन. दुधातलं प्रथिन पेंड वाढवल्याने फारसं वाढत नाही, ऊर्जा वाढवल्याने वाढतं. हे लोकांना पटत नाही. सरकी पेंड दीड किलोची अडीच किलो करतात, एसएनएफ तिथेच, खर्च वर. त्याऐवजी तेवढ्याच पैशांत मका भरडा द्या. पोटातल्या जंतूंना पिष्ट मिळालं की ते आहारातल्या नत्रापासून स्वतःचं प्रथिन बनवतात आणि तेच पुढे दुधात येतं. बायपास फॅटने फॅट वाढतं, प्रथिन नाही, उलट थोडं उतरू शकतं. म्हणजे एसएनएफ कमी आहे म्हणून फॅटची पावडर आणणं हा चुकीच्या दुखण्यावरचा इलाज.

४०० ते ४५० किलोच्या, १२ लिटर देणाऱ्या गायीला दिवसाला सुमारे १४ किलो कोरडा चारा लागतो, पाणी वजा करून. हिरवी मका किंवा नेपियर २० किलो म्हणजे ४ किलो कोरडं, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) १० किलो म्हणजे ३, कडबा ३ किलो म्हणजे पावणेतीन, आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) साडेचार किलो म्हणजे ४. बेरीज जमते. बहुतेक ठिकाणी काय असतं? ३५ किलो कोवळं नेपियर आणि वर पेंड. पोट भरलेलं दिसतं, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच.

आणि घाई करू नका. फॅटचा बदल ८-१० दिवसांत दिसतो, एसएनएफला तीन-चार आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून खुराक बदलला की पुन्हा शून्यापासून.

कोरडवाहू

डॉक्टर, हिशेब मान्य. पण साडेचार किलो आंबोण म्हणजे गायीमागे रोजचे किती रुपये, तेही लिहा ना. दुधाच्या खर्चात चाऱ्या-खाद्याचा वाटा दोन तृतीयांशाच्या पुढे जातो हे तुम्हालाच माहीत आहे. मूळ दुखणं दर आहे, एसएनएफ नव्हे.

गेल्या काही वर्षांचं बघा. जुलै २०२३ ला सरकारने ३.५/८.५ ला ३४ रुपये ठरवले. काही महिन्यांत प्रत्यक्ष दर पार खाली आले. जानेवारी २०२४ मध्ये ३.२/८.३ ला २७ रुपये आणि ५ रुपये अनुदान. जुलै २०२४ ला ३० अधिक ५. ऑक्टोबरला २८ अधिक ७. म्हणजे दूध संघाने द्यायचा दर खाली आणि अनुदान वर. अनुदान मिळायला कानात बिल्ला, भारत पशुधन ॲपवर नोंद, आधारला जोडलेलं खातं, सगळं जुळायला हवं होतं. एक अंक चुकला की सहा महिने फेऱ्या.

आणि उसाला एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) आहे, दुधाला काय आहे?

मालन_ताई

कोरडवाहू दादा, दर बरोबर आहे, पण दर आपल्या हातात नाही. धागा काढणाऱ्यांनी "कर्ज न काढता काय दुरुस्त करता येईल" असं विचारलंय. दरासाठी रस्त्यावर उतरायचं तर उतरूच, २०१७ ला पुणतांब्यापासून उतरलोच होतो. तोपर्यंत कॅन पालथा घालायला काय हरकत आहे?

कोरडवाहू

ताई, पालथा घालतोच आहोत, आता पालथा घालून घालून वाकलोय. पण कायद्याने गायीचं दूध ३.२/८.३ ला पास आहे. ग्राहकाला चालतं ते दूध शेतकऱ्याकडून घेताना कमी दर्जाचं कसं होतं, याचं उत्तर द्या कोणीतरी.

कॅनवाला

याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही बहुतेक.

हिशेबनीस

सगळे पॉइंटच्या मागे आहेत. माझ्या मते मोठी गळती गाभण राहण्यात आहे.

एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत १३ महिने लागले तर पाच वर्षांत साडेचार वेतं. तेच अंतर १७ महिन्यांवर गेलं तर साडेतीन. एक पूर्ण वेत गेलं. आणि नुसतं ते वेत नाही. लांबलेले चार महिने गाय शेवटच्या टप्प्यात चार-पाच लिटरवर उभी असते, किंवा आटलेली असते, आणि खाते रोजच. एक माज चुकला की २१ दिवस मागे. निरगुडींनी चौथी गाय "आटलेली" लिहिली. ती गाभण आहे का? असेल तर विण्याआधीचे ६० दिवस धरून आटली आहे का? की दूध नाही आणि गाभही नाही? मला वाटतं प्रश्न तिथेच आहे.

निरगुडी

हिशेबनीस, बरोबर बोट ठेवलंत. चौथ्या गायीचा प्रकार दुसरा आहे, ती तीनदा भरवली. डॉक्टरांना विचारायचं आहे: उलटते तेव्हा बाहेर काही दिसत नाही. सोट (माजाचा चिकट स्राव) स्वच्छ काचेसारखा, पाळी २१ दिवसांना बरोबर. तरी थांबत नाही.

डॉ. खुरपे

सोट स्वच्छ आणि पाळी नियमित असेल तर आधी वेळ तपासा. सकाळी गाय दुसऱ्या गायीला अंगावर चढू देत उभी राहिली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ओरडते, खायला मागत नाही, दूध कमी देते ही माजाची सुरुवात. चढली तरी उभी राहते तो खरा माज. आपल्याकडे ओरडायला लागली की लगेच फोन, आणि दोन तासांत भरवून मोकळे. बीज आधी संपतं, अंडं नंतर येतं.

दुसरं, भरवायला आलेल्या माणसाची कांडी (गोठवलेल्या बीजाची नळी) बघा. द्रवनत्रातून काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवायची असते. नुसती हातावर चोळून किंवा शर्टाच्या खिशात ठेवून गरम केली की बीज खराब होऊ शकतं. पाण्याचा थर्मास आणि थर्मामीटर जवळ आहे का, बघायला काही लागत नाही.

तिसरं, दावणीला बांधलेल्या गायीचा माज अर्ध्या वेळा कळतच नाही. दिवसात सकाळी लवकर आणि रात्री उशिरा, प्रत्येकी वीस मिनिटं गायी मोकळ्या सोडून बघायच्या. मुका माज म्हणतात त्यातला बराच मुका नसतो, बघायला कोणी नसतं.

चौथं, खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम. तीन वेळा वेळ साधूनही राहिली नाही तर मग गर्भाशय तपासून घ्या, नुसती इंजेक्शनं मारत बसू नका. आणि राहिली असं वाटलं तरी ६० ते ९० दिवसांत तपासणी कराच. "माजावर आली नाही म्हणजे गाभण" हे गृहीत धरून पाच महिने घालवलेले गोठे पुष्कळ आहेत.

पोपटराव_नाही

लिंगनिर्धारित रेतमात्रेबद्दल कोणी सांगेल का? गोऱ्हा झाला की करायचं काय, हाच प्रश्न पडतो.

डॉ. खुरपे

साधारण दहात नऊ कालवडी मिळतात. पण गाभ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, नीट माजावर येणाऱ्या गायींनाच वापरा. निरगुडींच्या उलटणाऱ्या गायीला मुळीच नाही.

कोरडवाहू

गोऱ्ह्यांचा विषय निघालाच आहे तर, १९७६ च्या कायद्याने गायींच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५ ला बैल आणि वळूही आले त्यात. संकरित गोऱ्हा कामाला येत नाही, विकला जात नाही, म्हातारी गाय विकली जात नाही. तिला रोज २० किलो वैरण कोण घालणार? हा खर्च दुधाच्या दरात धरलाय का कोणी?

संचालक

कायद्यावर इथपर्यंतच. पुढच्या तीन प्रतिक्रिया काढून टाकल्या आहेत. म्हातारी जनावरं आणि गोऱ्हे सांभाळण्याचा खर्च हा विषय चालेल, बाकीचं राजकारण नको.

रानमोड

तो खर्च हिशेबात धरायचाच असेल तर शेणही धरा. रोज २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस मिळतो. चार गायींवर दोन घनमीटरचा संच आरामात चालतो, घरचा सिलिंडर जवळजवळ सुटतो आणि स्लरी वैरणीला जाते. भाकड गाय शेण तर देतेच. दुधाचा हिशेब करताना शेणाची बाजू शून्य लिहिणारे लोक खताची ट्रॉली मात्र विकत घेतात.

बुवा_७२

आमच्याकडे गोबर गॅसची टाकी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात.

माण_काठ

मूळ प्रश्नातल्या "उन्हाळ्यात वैरण विकत" यावर लिहितो. चार गायींच्या गोठ्यात मुरघास फसतो त्याचं कारण एकच असतं: खड्डा मोठा.

चार गायींना १५ किलोप्रमाणे रोज ६० किलो. दाबलेला मुरघास घनमीटरला ६०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे रोज ०.१ घनमीटर. उघड्या बाजूवरून रोज किमान १५ सेंटिमीटर थर निघायला हवा, नाहीतर हवा आत शिरून बुरशी चढते. आता १.२ मीटर रुंद आणि तेवढाच उंच खड्डा धरा. रोज ७ सेंटिमीटरच निघेल. बुरशी येणारच, मग "मुरघास आम्हाला लाभत नाही" असं म्हणायला मोकळे. चार गायींना ५०० किलोची पिशवी बरी. आठ दिवसांत संपते.

करताना: मका दाणा चिकात आल्यावर तोडा. दाण्यातून पातळ दूध येतंय तोवर तोडली तर पाणी जास्त, कणीस वाळलं तर दाबली जात नाही. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटर. मुठीत दाबून सोडली की गोळा हळूहळू उलगडला पाहिजे. पाणी गळलं तर दिवसभर सुकू द्या, लगेच फुटला तर कोरडी झाली, थोडं पाणी मारा. वीतभर थर टाकायचा आणि पायाने दाबायचा, पुढचा थर मग. पिशवीचं तोंड पिळून बांधा. ४५ दिवस हात लावू नका. उंदराने भोक पाडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी.

वीस गुंठ्यांत मक्याचं चांगलं पीक आलं तर ८ ते १० टन हिरवा चारा निघतो. उन्हाळ्याचे १२० दिवस गुणिले ६० किलो म्हणजे सव्वासात टन. जमतं.

कोल्हापूरचा_रस्सा

आमच्याकडे मका करायला रान नाही, सगळा ऊस. कारखाना सुरू असेपर्यंत वाढे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट किंवा पेंढीला दोन-पाच रुपयांत. वाढ्यांवरच चार महिने काढतात लोक.

डॉ. खुरपे

वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय विल्यावर बसते ती याच कारणाने. निम्म्यापेक्षा जास्त वाढे नकोत, सोबत लसूणघास किंवा दुसरी द्विदल वैरण, आणि खनिज मिश्रण बंद करायचं नाही. वाढे तोडल्यावर लगेच कुट्टी करून घाला, अख्खे घातले तर पाती खाऊन दांडे गव्हाणीत राहतात.

आणि कडब्याचा भुसा किंवा सोयाबीनचं भूस पडून असेल तर युरिया प्रक्रिया करा: १०० किलोला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद. उघडल्यावर वास जाईपर्यंत तासभर पसरून ठेवायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. युरियाचं पाणी बादलीत उघडं ठेवून जेवायला गेलात आणि गाय प्यायली तर ती वाचत नाही.

मालन_ताई

डॉक्टर, विल्यानंतर आठवडाभराने गाय खात नाही, आंबोण तर शिवतच नाही, कडबा थोडा खाते, दूध निम्म्यावर. तोंडाला गोडसर वास. आमच्याकडे सगळे गूळपाणी पाजतात.

डॉ. खुरपे

ताई, हा कितनबाधेचा (किटोसिस) प्रकार. गुळाने फारसं होत नाही, कारण गुळाची साखर पोटातले जंतूच आधी खातात, रक्तात साखर म्हणून पोचत नाही. शिरेतून ग्लुकोज, आणि पुढे काही दिवस तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल, डॉक्टरच्या सल्ल्याने. विण्याच्या आधी गाय फार लठ्ठ केली तर हे होतं. आटलेल्या काळात दुधातल्या गायीइतका खुराक घालू नका. शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

रानमोड

गोचीड राहिलेच. संकरित गाय विकत घेतल्यावर पहिल्या वर्षातच जाते ती बऱ्याचदा गोचीड तापाने. ताप १०५-१०६, मानेजवळच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजतात, डोळ्यांतून पाणी. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर तो दुसरा गोचीड ताप. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून रक्ताची काच तपासूनच इंजेक्शन. एका डोसाला चांगले पैसे जातात, चुकीचा दिला तर पैसेही गेले आणि गायही.

फवारणी करताना लोक फक्त गायीवर मारतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गायीवर राहतच नाही, खाली पडते आणि भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून भेगा सिमेंटने बुजवा, गव्हाणीखाली, खांबांच्या बुडाला फवारा, पेंढा हलवून फ्लेमगन फिरवा, आणि १५ दिवसांनी पुन्हा. गायीवर मारताना आधी पोटभर पाणी पाजा, नाहीतर अंग चाटून विषबाधा. मागून पुढे, केसांच्या उलट दिशेने, कानाच्या आत आणि शेपटीखाली विसरू नका. दोन प्रकारची औषधं एकत्र करून "जालीम" मिश्रण करणाऱ्यांनी करू नये, बस.

पोपटराव_नाही

लंपीच्या वेळी सगळे फवारत होते, आता कोणी नाही.

कोरडवाहू

२०२२ ला लंपीत गेलेल्या गायीला ३०,००० मिळाले, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. पंधरा लिटरची गाय ३०,००० ला कुठे मिळते ते सांगा, मी दोन घेतो.

कॅनवाला

दगडीबद्दल (कासेची सूज) कोणी लिहिलं नाही, आणि एसएनएफ तिथेही जातं. सडातून गाठी यायच्या आधी महिनाभर आतून सूज चालू असते. दूध दिसायला नीट, पण लॅक्टोज उतरलेलं. घरच्या घरी तपासायचं तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, चारही सडांचं थोडं थोडं दूध चार वाट्यांत वेगळं, तेवढंच पावडरचं पाणी, आणि गोल फिरवायचं. ज्या वाटीत घट्ट चिकट होईल तो सड बाधलेला. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

धार पाच ते सात मिनिटांत संपली पाहिजे, पान्हा तेवढाच टिकतो. शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त फॅट असतं, त्या वासरासाठी सोडल्या तर डेअरीत फॅट कमी लागणारच. अंगठा मुडपून पिळू नका, पूर्ण मुठीने काढा. धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा: चार भाग पोव्हिडोन, एक भाग ग्लिसरीन. आणि धारेनंतर लगेच वैरण टाका. सडाचं तोंड बंद व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, गाय तेवढा वेळ उभी राहिली पाहिजे. धार झाली की गाय शेणात बसली, की संपलं.

निरगुडी

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पण आता प्रश्न असा झालाय की करायचं काय आधी? सगळं एकदम होत नाही, माणसं दोनच.

हिशेबनीस

माझा क्रम: चौथी गाय गाभण आहे का याची तपासणी. चारही गायींच्या विण्याच्या, माजाच्या, भरवण्याच्या तारखा कॅलेंडरवर. याला दोनशे-तीनशे रुपयांच्या पुढे खर्च नाही.

डॉ. खुरपे

माझा क्रम वेगळा. आधी पाणी. दावणीला दोनदा पाणी दाखवणाऱ्या गोठ्यात गव्हाणीत चोवीस तास पाणी ठेवलं की आठवड्यात अर्धा-एक लिटर वाढतं. दुधाच्या प्रत्येक लिटरला चार लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मग मका भरडा. मग हिशेबनीसांचं कॅलेंडर.

कोरडवाहू

दोघांनाही नम्र विनंती, उचल विसरू नका. डेअरीकडून घेतलेली उचल दहा दिवसांच्या बिलातून वळती होते, आणि ती फिटेपर्यंत दर कितीही पडला तरी दुसरीकडे दूध घालता येत नाही. निरगुडींनी "नवीन कर्ज नको" लिहिलंय, पण असलेली उचल असेल तर ती आधी किसान क्रेडिट कार्डावर वळवा. दूधधंद्यालाही ते मिळतं, आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही. मोकळं झाल्याशिवाय त्या सूत्राचा प्रश्न विचारण्याची हिंमत होत नाही, हे बुवा सांगतीलच.

बुवा_७२

बुवांची उचल अजून फिटलेली नाही, बुवा गप्प आहेत.

माण_काठ

सहकारी आणि खाजगी दराची तुलना करताना दिवाळीचा फरक (संघ दिवाळीला वाटतो ती वाढीव रक्कम) धरा. दहा दिवसांच्या बिलात दोन रुपये कमी दिसतात म्हणून संघ सोडतात आणि दिवाळीला फरक वाटला की हळहळतात. वर्षाचे एकूण रुपये भागिले एकूण लिटर, एवढाच आकडा खरा.

निरगुडी

तर ठरलं: पाणी, कॅन पालथा, पावडरची चाचणी, चौथ्या गायीची तपासणी. उचल ३८,००० आहे, कार्डाचं बँकेत विचारतो. शेवटचा प्रश्न, कॅनवाले: लॅक्टोमीटर स्वतः घेऊन घरी मोजलं तर केंद्राच्या आकड्याशी जुळवता येईल का? काल घरी ३२ अंशांच्या दुधाला डिग्री २७.५ दिसली.

कॅनवाला

३२ वजा २७ म्हणजे ५ अंश, गुणिले ०.२, एक मिळवा. डिग्री २८.५. फॅट ३.५ धरलं तर पहिल्या सूत्राने ८.२२ आणि दुसऱ्याने ८.४४. केंद्र ८.२ लिहितंय म्हणजे एक तर पहिलं सूत्र लावतात, किंवा दुसरं लावून तापमानाची बेरीज करत नाहीत. एक मिळवायचा सोडून दुसऱ्याने काढा, ८.१९ येतं. दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो, म्हणून नुसतं सूत्र विचारू नका, मोजताना दुधात थर्मामीटर घालतात का तेही बघा. लॅक्टोमीटर घेताना काचेवर २७ अंश छापलंय का ते बघून घ्या, जुने ६० फॅरनहाइटचेही मिळतात, त्यांचं गणित वेगळं.